एकाच झाडाचे वर्षभर फोटो

ऋतुबदल पाहण्यासाठी जंगल गाठावे लागत नाही. ठाण्याजवळच्या दिव्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरातही खाडीकाठी तिवरे आहेत, आगासन-दातिवलीच्या बाजूला उरलीसुरली मोकळी जमीन आहे आणि वस्तीत पिंपळ आहेत. यांतल्या एकाच झाडाचा रोज फोटो काढला, तर एरवी नजरेतून निसटणारे बदल क्रमाने दिसू लागतात.

त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. उभे राहण्याची जागा, कोन आणि वेळ मात्र कायम ठेवावी. सकाळच्या मऊ उजेडात पानांचे रंग नीट येतात. एक फोटो पूर्ण झाडाचा आणि एक ठरलेल्या फांदीचा जवळून घ्यावा. तारीख मोबाइल आपोआप नोंदवतो.

सुरुवातीला पिंपळ उत्तम. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पाने झडतात आणि लगेच तांबूस, लकाकणारी पालवी फुटते. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त असते; पान वाढते तसे ते पोपटी, मग गर्द हिरवे होते. हा प्रवास थोड्याच दिवसांत उरकतो, म्हणून रोजचा फोटो हवा. शेजारशेजारचे दोन पिंपळही एकाच वेळी पालवत नाहीत. म्हणून झाड बदलू नये.

खाडीकाठच्या तिवराच्या पानावर कोरड्या दिवसांत मिठाचे बारीक कण दिसतात. मुळांतून आलेले जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पाऊस सुरू झाला की हे कण धुऊन जातात. मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. मग मोकळ्या जागी टाकळा उगवतो, पुढे तेरडा फुलतो. थंडीच्या आधी धोबी पक्षी आणि कुरव परततात.

दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) बारा महिन्यांचा निसर्ग महिन्यागणिक टिपला. आज ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात सामान्य नागरिक निवडलेल्या झाडाची पाने, फुले, फळे यांची दर आठवड्याला नोंद करतात. रोजचे फोटो असले की अशी नोंद अचूक होते. एका वर्षाच्या फोटोंतून झाडाचा क्रम कळतो. पालवी किंवा बहर लवकर आला की उशिरा, हे ठरवायला मात्र अनेक वर्षांच्या तारखा लागतात. त्यामुळे फोटो तारखेनुसार जपून ठेवावेत आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवरून काम चालू ठेवावे.