जालना शहराची घडण

शहराचा इतिहास जसा कागदपत्रांत असतो, तसाच तो रस्त्यांच्या वळणांतही असतो. मराठवाड्यांतील जालना हें त्याचें एक चांगलें उदाहरण होय. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेलें हें नगर वरवर पाहतां एकच दिसतें. वस्तुतः निरनिराळ्या काळांत वसलेलीं तीन गांवें येथें एकत्र आलीं आहेत.

त्यांपैकीं पहिलें म्हणजे जुना जालना. येथील काळी मशीद, तिच्यासमोरील सराई व हमामखाना, आणि पश्चिमेकडील मोती तलाव हीं कामें मलिक अंबरच्या काळांतील अंमलदार जमशेदखान यानें केलीं, असें मानतात. तलावाचें पाणी जमिनीखालील नळांनीं शहरांतील हौदांत खेळविलेलें होतें. पुढें १७२५ सालीं, आसफजाही अमदानीच्या आरंभीं, काबिलखानानें मस्तगड हा किल्ला बांधला.

नदीपलीकडील कादराबाद हें दुसरें गांव. ही तटबंदीची पेठ. तट म्हणजे नुसतें संरक्षण नव्हे. माल वेशींतूनच आंत येई, म्हणून व्यापार वेशींभोंवतीं एकवटे. मूर्ती दरवाजा व हैदराबाद दरवाजा हे त्या व्यवस्थेचेच साक्षीदार.

१८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धांत कर्नल स्टीव्हनसननें जालना घेतलें. १८२७ सालीं येथें छावणी उभी राहिली, आणि तिच्याबरोबर सदर बाजार. हें तिसरें गांव. जुन्या गल्ल्या पायीं चालणाऱ्यांच्या व ओझ्याच्या जनावरांच्या सोयीच्या. छावणीचा रस्ता मात्र पलटणी व तोफा यांसाठीं सरळ व रुंद.

१९०३ सालीं छावणी उठली. पण तत्पूर्वींच, १९०० सालीं, गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली होती. कापसाचे गठ्ठे वेशीऐवजीं स्टेशनाकडे वळले. व्यापाराचें तोंड फिरलें, तशी तटाची गरज सरली.

१ मे १९८१ रोजीं जालना जिल्ह्याचें ठाणें झालें. बियाण्यांचा व लोखंडी सळयांचा व्यवसाय वाढला. २०२२ सालीं समृद्धी महामार्ग खुला झाला, व २०२३ सालीं महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेंत शहराची वस्ती सुमारें २ लाख ८५ हजार होती.

या सर्व फेरबदलांत एक गोष्ट विसरली गेली, ती पाण्याची. तट पडला तर वस्तीस वाट मिळते. नळ बुजले तर केवळ वारसाच नव्हे, आधारही जातो. निजामी अमदानींतील घाणेवाडी जलाशयानें पुष्कळ वर्षें तहान भागविली; परंतु २०१२-१३ च्या अवर्षणांत तोही आटला, आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून लोक बसले. आज पाणी दूरच्या जायकवाडीहून येतें. तें येवो, पण दुरून आलेल्या पाण्याच्या भरंवशावर घरचा तलाव बुजूं देणें शहाणपणाचें नव्हे. रस्ता रुंद करणें मागाहूनही साधतें. गाळानें भरलेला वा इमारतींखालीं गेलेला तलाव परत मिळविणें फार कठीण.