गाडीतल्या रात्रीचा हिशेब

अम्मींच्या उपचारांसाठी आम्हाला अधूनमधून नागपूरला जावं लागतं. तपासण्या दोन-तीन दिवस चालतात, लॉजचं भाडं दर वेळी परवडत नाही. म्हणून अनसिंगहून निघताना आम्ही जुन्या व्हॅनची मागची आसनं दुमडून गादी टाकली. पहिल्या रात्री अम्मींना उकडू नये म्हणून गाडीच्याच बॅटरीवर पंखा लावला. सकाळी आठला नंबर होता. फज्रनंतर चावी फिरवली, तर गाडी हूं की चूं करेना! अम्मींना रिक्षात बसवून नेताना, वर्गात वीज शिकवणारे आम्ही चांगलेच खजील झालो.

गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा प्रवाह देते. रात्रभर हळूहळू रिकामी होणं तिला मानवत नाही. म्हणून घरी येताच वेगळी बॅटरी घ्यायचं ठरवलं. पण दुकानात जाण्याआधी वही काढली.

हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले तास. 5 वॅटचे दोन दिवे चार तास, म्हणजे 40. बारा व्होल्टवर चालणारा 15 वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे 120. दोन मोबाइलचे मिळून 30. एकूण 190 वॅट-तास. त्याला 12 ने भागलं की साधारण 16 अँपिअर-तास येतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणून किमान 32 ची हवी. आम्ही 42 ची सीलबंद बॅटरी घेतली. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही वायू निघतो; जिथे झोपायचं तिथे ती नको.

सोबत 100 वॅटचं सोलर पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर घेतला. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट. पॅनेल टपावर पक्कं ठोकलेलं नाही. गाडी उभी केली की उन्हात टेकवतो. आपल्या विदर्भाच्या उन्हात दिवसभरात रात्रीपुरती भरपाई होते. पावसाळ्यात मात्र घरूनच बॅटरी पूर्ण भरून निघावं लागतं.

इन्व्हर्टर मुद्दाम घेतला नाही. बारा व्होल्टची वीज घरच्यासारखी करण्यात काही वीज वाया जाते, शिवाय इस्त्रीचा मोह होतो. 1000 वॅटची इस्त्री दहा मिनिटांत जवळपास अख्ख्या रात्रीची वीज खाते.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो. बॅटरीच्या धन टोकाशेजारीच 10 अँपिअरचा फ्यूज आणि पुढे अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवीच. फ्यूज नसेल आणि वायर घासून उघडी पडली, तर गादीसकट गाडी पेटू शकते. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी. खिडक्या जाळी लावून थोड्या उघड्या ठेवाव्यात. इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नये. धुरातला विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. स्वयंपाकघर, स्नानगृह असलेल्या त्या गाड्या सहलीसाठी. आमची गरज एका पंख्याची. सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास भागलं.

गेल्या खेपेला पंखा पहाटेपर्यंत फिरत होता. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली, आणि आठ वाजायच्या आधी अम्मी रांगेत होत्या.