पोट वाढतंय, पण हातपाय बारीक? अंडाशयातली गाठही असू शकते

जिंतूर असो की गंगाखेड, बाईचं पोट सुटलं की गॅस किंवा चरबी समजून ते अंगावर काढलं जातं. पण अंडाशयातली पाण्याची गाठ हळूहळू वाढते, फारशी दुखत नाही. म्यूसिनस सिस्टॅडेनोमा तर 10 किलोंच्याही पुढे जातो. मोठी गाठ म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. या प्रकारातल्या बहुतेक साध्या असतात.

गाठ सोनोग्राफीत दिसते. फारच मोठी असेल तर जलोदर वाटू शकतो, मग सीटी स्कॅन लागतो. सीए-125 ही रक्तचाचणी पाळीतही वाढलेली दिसते, त्यामुळे एकट्या तिच्यावर घाबरू नये. पक्कं निदान काढलेल्या गाठीच्या तपासणीतच होतं.

सुईने पाणी काढणं शक्यतो टाळतात. गाठ पुन्हा भरते, आणि आत कॅन्सर असलाच तर पेशी पोटात सांडतात. म्हणून ती अख्खी काढतात. तरुण मुलीचं दुसरं अंडाशय चांगलं असेल तर ते ठेवतात. पुढे मूल होऊ शकतं.

1809 मध्ये अमेरिकेत जेन क्रॉफर्ड यांना जुळी आहेत असंच वाटलं होतं. डॉ. मॅकडॉवेल यांनी भूल न देता त्यांची सुमारे 10 किलोंची गाठ काढली. त्या आणखी 32 वर्षं जगल्या.

अचानक जोराची कळ आणि उलट्या आल्या तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.