विश्लेषण : खाज सारखीच, मग एकच मलम सगळ्यांना का चालत नाही?

फर्दापूर : अजिंठा लेणी पाहायला आलेले पर्यटक येथे गाडी सोडून बसमध्ये बसतात. सोयगाव तालुक्यातला हा पट्टा मात्र शेतीचा. पावसाळ्यात बांधावर गाजर गवत फुलते, घामाने ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात आणि खाज सुरू होते. मेडिकलमधून एक ट्यूब येते, तीच सगळे घर वापरते. घोळ इथेच होतो.

अॅलर्जी कशी होते?

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्यातले पार्थेनिन हे रसायन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते. शरीर त्याला शत्रू समजते आणि पांढऱ्या पेशी धाडते. पुरळ एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे कारण ध्यानातच येत नाही. वाळलेले कण हवेतून उडतात, म्हणून पापण्या, मान, कोपराची खाच आधी लाल होते. हे एकाचे दुसऱ्याला लागत नाही.

मग नायटा?

ती बुरशी. त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनवर ती जगते. जांघेत, कमरेवर गोल चट्टा, कडा लाल व खवलेदार. टॉवेल, कपडे एकत्र वापरले की ती घरभर फिरते.

खरूज तर दोन्हींची सरमिसळ. सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करतो, पण खाज येते ती त्याच्या अंड्या-विष्ठेच्या अॅलर्जीने. पहिल्यांदा लागण झाली तर चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, तोवर ती इतरांना लागलेली असते. म्हणून औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे.

ट्यूबमध्ये काय असते?

अनेकदा स्टेरॉइड. ते शरीराचा प्रतिकार शांत करते, त्यामुळे अॅलर्जीत आराम पडतो. नायट्यावर लावले तरी दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते. चट्ट्याची कड पुसट होते आणि डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. त्वचा पातळ होते ती वेगळीच. २०१८ मध्ये केंद्राने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. त्यातच टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही देशात पसरली आहे. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले.

ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेटासोन लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. दवाखान्यात जाताना ती ट्यूब सोबत न्यावी.