पेडल तळाला का जातं?

ओमानमधल्या निझव्यात जुनी आलिशान एसयूव्ही स्वस्तात मिळाली की नवा मालक रंग, सीट, एसी बघतो. ब्रेक ऑइलची चौकशी कुणी करत नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट-४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते.

जवळच्या जबल अख्दरचं सैक पठार सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. वाटेतल्या नाक्यावरून पोलीस फक्त फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या सोडतात. पण खरी परीक्षा उतरताना! सतत दाबलेले ब्रेक तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते; मग पेडल तळाला जातं. उतारावर खालचा गिअर ठेवा. ऑइल आधीच्या मालकाने बदललंय म्हणे? तरीही बदला.