पोर्टफोलिओ : देखणेपणा कीं विचार?

वैद्यक, वकिली, इंजिनियरिंग आणि सरकारी नोकरी या वाटा आपल्या घरांना परिचित आहेत. त्या वाटेनें जाणाऱ्या मुलाचें पुढें काय होईल, याचा अंदाज वडील माणसांस बांधतां येतो. परंतु घरांतील मुलगी अथवा पुतण्या "मी यूएक्स डिझाइन करणार" असें म्हणूं लागला कीं, "म्हणजे चित्रें काढणार काय?" असा प्रश्न सहज विचारला जातो. विचारणाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळदां त्या मुलांचा पोर्टफोलिओ, म्हणजे नोकरीसाठीं पुढें ठेवावयाचा आपल्या कामाचा संग्रह, हाच समज खरा करून दाखवितो. आणि मग वर्षभराची मेहनत व भरमसाट फी खर्चूनहि मुलाखतीचें बोलावणें येत नाहीं.

यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. मोबाइलवर विजेचें बिल भरतांना कोणतें बटण कोठें असावें, चूक झाल्यास मागें कसें फिरतां यावें, पैसे पोंचले कीं नाहींत हें कसें कळावें, याची योजना करणें हें त्या धंद्याचें काम. डोनाल्ड नॉर्मन हे १९९३ सालीं ॲपल कंपनींत गेले व तेथें त्यांनीं हें नांव आपल्या हुद्द्यांतच घातलें. नांव नवें असलें तरी दृष्टि जुनीच आहे. १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारास सादर केलेल्या अहवालांत आपल्या साध्या लोट्याची मनापासून प्रशंसा केली आहे. पण नुसती प्रशंसा करून तीं दोघें थांबलीं नाहींत. लोट्यांत पाणी किती मावावें, तो डोक्यावरून, कडेवरून कीं हातांतून न्यावयाचा, ओततांना तोल कसा राहावा, तोंड केवढें असलें म्हणजे भरणें, ओतणें व घासणें सोपें जाईल, असे प्रश्न त्यांनीं एकामागून एक मांडले. याच अहवालाच्या प्रेरणेनें १९६१ सालीं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आमच्या मतें उत्तम पोर्टफोलिओचा धडा या लोट्यांतच आहे : वस्तु दाखवून थांबूं नका, तिच्यामागचे प्रश्न दाखवा.

हा धडा आज विशेष निकडीचा झाला आहे. देखणी स्क्रीन आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनेंहि कांहीं मिनिटांत तयार करून देतात. तेव्हां वीस रंगीत स्क्रीनांची आरास मांडण्यापेक्षां तीन किंवा चार कामें शेवटास नेलेलीं दाखवावीं. अडचण कोणाची होती, ती कशी कळली, कोणते उपाय सुचले, त्यांतले कोणते टाकले व कां, आणि अखेर काय बदललें, हें प्रत्येक कामांत क्रमानें यावें.

समजा, एका विद्यार्थ्यानें गांवच्या वाचनालयासाठीं घरबसल्या पुस्तक राखून ठेवण्याची सोय आंखली. वृद्ध सभासद 'रिझर्व्ह' हें बटण दाबीत नाहींत, असें त्यास दिसलें. त्यानें बटण मोठें केलें. फरक पडला नाहीं. मग शेजारीं बसून विचारल्यावर कळलें कीं, दाबल्यास पैसे पडतील अशी त्यांना धास्ती होती. त्यानें बटणावर 'माझ्यासाठीं बाजूला ठेवा' असें लिहिलें व खालीं 'शुल्क नाहीं' अशी ओळ घातली; तेव्हां सभासद तें निःशंकपणें दाबूं लागले. यांत चित्रकला फारशी नाहीं. परंतु फसलेल्या पहिल्या उपायासह ही हकीकत लिहिली, तर परीक्षकास उमेदवाराची पारख करतां येते.

अशा पाहणीस एकत्र कुटुंबासारखी जागा नाहीं. आजी, काकू व शाळकरी भावंडें एकाच घरांत मिळतात. मात्र त्यांना शिकवूं नये. काम सांगून स्वस्थ बसावें आणि हात कोठें अडतो तें टिपून घ्यावें. जेकब नील्सन यांनीं २००० सालीं असें मांडलें कीं, एका वेळीं पांच माणसांवर पाहणी केली तरी बहुतेक दोष उघडे पडतात. ते सुधारून पुन्हां पाहणी करावी. तरीहि आपलें घर म्हणजे समाज नव्हे. भाजीवाली, रखवालदार, दृष्टि अधू असलेला गृहस्थ यांच्यापर्यंत गेल्याशिवाय पाहणी पुरी होत नाहीं. फिकट करड्या रंगांतलीं बारीक अक्षरें तरुण डोळ्यांस शोभिवंत वाटतात. पण वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता-नियमांत साधारण आकाराचीं अक्षरें व त्यांची पार्श्वभूमि यांतील उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें असें सांगितलें आहे, तें उगीच नव्हे. आणि ज्यांनीं मदत केली त्यांचीं नांवें व छायाचित्रें त्यांच्या संमतीवांचून छापूं नयेत.

प्रामाणिकपणाविषयीं आणखी एक सूचना. चौघांनीं मिळून केलेल्या कामांत आपला वांटा कोणता, हें स्पष्ट लिहावें. दुसऱ्याच्या श्रमावर आपलें नांव घातलें, तर मुलाखतींतील दुसऱ्यातिसऱ्या प्रश्नालाच तें उघडकीस येतें. पूर्वीच्या मालकाचें गोपनीय काम परवानगीशिवाय दाखविणें हेंहि तितकेंच अनुचित. जो आज एकाचें गुपित फोडतो तो उद्यां आपलेंहि फोडील, हें नवा मालक जाणतो.

शेवटीं, पोर्टफोलिओ हीसुद्धां वापरावयाचीच वस्तु आहे. परीक्षकाजवळ वेळ थोडा असतो. म्हणून प्रत्येक कामाचें सार आरंभींच दोनतीन ओळींत द्यावें आणि सर्व मजकूर मोबाइलवरहि सुखानें वाचतां यावा. तो एखाद्या तिऱ्हाइताच्या हातीं दोन मिनिटें द्यावा व "काय समजलें?" एवढेंच विचारावें.

वडील मंडळींस आमची विनंति इतकीच कीं, दुसऱ्या महागड्या वर्गाची फी भरण्यापूर्वीं मुलाचा संग्रह एकदां स्वतः पाहावा. डिझाइनचें ज्ञान त्यासाठीं लागत नाहीं. "हें कोणासाठीं केलेंस? त्यांना विचारलेंस काय?" हे दोन प्रश्न पुरेत. त्यांचीं उत्तरें त्या पानांत सांपडलीं, तर मूल योग्य वाटेवर आहे असें समजावें. न सांपडलीं, तर त्यास आणखी एक प्रमाणपत्र मिळवून देण्याऐवजीं माणसांत पाठवावें.