चाचणी मुलांची, धडा आपल्या सर्वांसाठी

आमच्या पाचवीच्या वर्गात गणिताची चाचणी होती. एका दुकानदाराकडे इतके किलो कांदे होते, त्यांतले इतके विकले, तर उरले किती? एका मुलीने ती जागा कोरीच सोडली. पेपर गोळा झाल्यावर आम्ही तोच हिशेब तिला तोंडी विचारला. तिने चटकन उत्तर दिले. तिच्या अब्बांची भद्रकालीत भाजीची हातगाडी आहे. संध्याकाळी सुटे पैसे परत देण्याचे काम तिचेच. तिला वजाबाकी येत होती, प्रश्न वाचता येत नव्हता. घरात बोलतो ती भाषा एक, पुस्तकातली उर्दू दुसरी. कागदावर मात्र शून्य.

आपल्या राज्यात २०२३-२४ मध्ये 'स्टार्स' प्रकल्पाखाली नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. शिक्षक त्यांना 'पॅट' म्हणतात. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीचे पेपर राज्यभर सारखेच असतात. उर्दू माध्यमालाही ते येतात. मूल नेमके कुठे अडले ते कळावे, हा हेतू चांगलाच आहे. पण पेपर तपासायचे, गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे, मुदत पाळायची, यात जे तास त्या मुलीला वाचन शिकवण्यात जायला हवेत, ते नोंदी करण्यात जातात. शिवाय वर्गाचे गुण कमी दिसू नयेत म्हणून नमुना प्रश्न घोटून घेण्याचा मोह आम्हालाही होतो, हे कबूल केले पाहिजे. घोटलेले उत्तर पेपरात उतरते, वाचन होते तिथेच राहते.

पाचवी आणि आठवीला ही अडचण जास्त बोचते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवणे बंद केले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. आता या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा. त्यातही नापास झाल्यास पुन्हा तोच वर्ग.

त्या मुलीची अम्मी शाळेत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हिला जमत नसेल तर घरीच ठेवू का? धाकट्याला सांभाळेल." आम्हाला भीती वाटते ती याच वाक्याची. नापासाचा शिक्का बसला की मुलगा गॅरेजवर जातो आणि मुलगी घरात बसते.

म्हणून पालकांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. निकाल लागल्यावर नुसते गुण विचारू नका. शाळेत येऊन उत्तरपत्रिका पाहा आणि मूल कुठे अडले ते विचारा. फेरपरीक्षेची तारीख लिहून घ्या, त्या दिवसांत गावी जाऊ नका. गुणांवरून मारू नका, चुलत भावंडांशी तुलना करू नका. रोज दहा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तरी शेजारी बसून ऐका.

त्या मुलीला आम्ही आता मधल्या सुट्टीनंतर रोज एक प्रश्न वाचायला देतो. आधी वाचन, मग हिशेब. अजून ती अडखळते, पण जागा कोरी सोडत नाही. तिच्या अम्मीला आम्ही एवढेच सांगितले, "तिला हिशेब येतो. वाचनासाठी एक वर्ष आम्हाला द्या, तिला घरी बसवू नका."